आधी

आमच्या देवळाला घंटा नाही.
आंब्याच्या फांदीला लॉरीच्या चाकाची रिम टांगलेली आहे,
आणि रविवारी पहाटे न्याचिर्वा म्हातारी
हातभर लांबीच्या बोल्टने ती बडवते.
वीस वर्षं झाली.
एका कानाने तिला ऐकू येत नाही,
त्यामुळे किती जोरात पुरे, ते कळत नाही.

तो आवाज सरोवरावरून माझ्या होडीपर्यंत येतो.
तो ऐकून मी काय करायचो, खरं सांगतो:
जाळं ओढायला घ्यायचो.
म्झुझूचा व्यापारी सहाला किनाऱ्यावर येतो, बर्फ घेऊन,
आणि माझं घड्याळ पाण्याने केव्हाच गिळलंय.
देवाची हाक हा माझ्या धंद्याचा भोंगा होता.

मध्यंतरी एक पाळक आले, बाहेरगावचे.
त्यांनी विचारलं, तुमच्या घरात पहिला कोण?
देव, देव, म्हणत सगळ्यांनी हात वर केले.
मीही केला. हाताला उसिपा माशाचा वास,
शेजारचा टावोंगा जरा सरकून बसला.

घरी आल्यावर तिवोंगेने वही उघडली.
हिशेब माझी बायकोच ठेवते.
पहिली ओळ रॉकेल. मग जाळ्याचा दोरा. मग पोरांची फी.
तळाशी, समासात, बारीक अक्षरात ‘मंडळी’,
आणि त्यापुढे कधी एखादा आकडा,
उरलं असेल तर.
ती काही बोलली नाही. समासावर बोट ठेवलं
आणि वही मिटली.

मग ऑक्टोबरमधला तो रविवार.
अमावास्येची रात्र, कंदिलांखाली मासे
मक्याच्या लाह्यांसारखे उडत होते.
पलीकडे मोझांबिकचे डोंगर उजळले,
आम्ही कंदील विझवले
आणि थांबलो.
कशासाठी थांबलोय ते जरा वेळाने उमगलं.

रिम वाजली नव्हती.

“ओढायचं का?” पोरगा म्हणाला.
थांब, म्हटलं. मग म्हटलं, वल्हव.
“आणि जाळं?”
तरंगाला बांध. वल्हव.

किनाऱ्यावर व्यापारी हॉर्न वाजवत होता.
मी त्याच्यासमोरून ओल्या पायांनी टेकडी चढलो.
म्हातारी चटईवर तापाने फणफणलेली.
“आज रविवार ना?” ती म्हणाली, “मग तू इथे कसा?
जा, आधी ती वाजव.”
आधी दवाखाना, मी म्हणालो.
“आधी रिम.”
आधी दवाखाना!
देवावरून भांडत होतो आम्ही,
आणि दोघांच्या तोंडी शब्द एकच.

शेवटी तिला चितेंजेत गुंडाळून पाठीशी बांधलं,
तान्ह्या पोरासारखं, आणि सायकल काढली.
आंब्यापाशी उतार आहे.
कापडातून तिचा हात कधी बाहेर आला,
मुठीत बोल्ट कुठून आला, देव जाणे.
एकच टोला. तोही निसटता,
बादली पडावी तसा.
तरी दारं उघडली. कोणी लुंगी सावरत, कोणी तोंड पुसत
बाहेर आलं आणि आमच्या पाठीकडे बघत राहिलं.

पुढे दवाखान्यापर्यंत सगळा चढ.
तिचं कपाळ माझ्या पाठीला भाजत होतं.
ती काहीतरी पुटपुटत होती, स्तोत्र असेल
किंवा मला शिव्या.
मला धाप लागलेली, विचारलं नाही.

लॉरी गेली. अर्धे मासे निसटले,
उरलेले मांडवावर वाळवले, एक तृतीयांश भाव आला.
रात्री तिवोंगेने वही उघडली, पेन धरलं.
“आजचं कुठे लिहू? तोट्यात? की मंडळीत?”
मी दिव्याकडे बघत बसलो.
तेवढ्यात निरोप आला: म्हातारी पेज प्यायली,
आणि पुढल्या रविवारी रिम मी बडवायची आहे.

पेन अजून तिवोंगेच्या हातात.
बोल्ट माझ्या उशाशी.
किती जोरात पुरे, ते मलाही माहीत नाही.